दुहेरी भिंगाच्या सर्वदर्शी चलच्चित्रांतील सांधा व बीड जिल्ह्यांतील वास्तूंची नोंद

१. प्रयोजन

जुन्या वास्तु, शिलालेख व हस्तलिखितें यांची नोंद करण्याच्या साधनांत गेल्या दहाबारा वर्षांत एका नव्या साधनाची भर पडली आहे. पाठीला पाठ लावून बसविलेलीं दोन फुगीर भिंगें असलेला हा लहानसा कॅमेरा मुठींत मावतो. परंतु मंडपाच्या मध्यभागीं काठीवर उभा केला असतां वरचें छत, खालची फरसबंदी व चहूंकडचे खांब हीं सर्व तो एकाच क्षणीं टिपतो. तो घेऊन चालत गेलें म्हणजे महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतचें अखंड चलच्चित्र हातीं येतें, आणि पुढें संगणकावर पाहणारास त्यांत हव्या त्या दिशेस दृष्टि वळवितां येते. जपानांतील रिको कंपनीनें ‘थीटा’ नांवाचा अशा तऱ्हेचा कॅमेरा इ. स. २०१३ मध्यें बाजारांत आणला. त्यामागून इतरांचेही निघाले, आणि आज देवळांचीं, लेण्यांचीं व बारवांचीं अशीं चित्रें अनेक संग्राहकांपाशीं जमूं लागलीं आहेत.

हें साधन मोठ्या उपयोगाचें आहे यांत शंका नाहीं. मात्र त्याच्या स्वरूपाविषयीं एक मूलभूत गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. पडद्यावर दिसणारें अखंड चित्र कोणत्याही भिंगानें जसेंच्या तसें काढलेलें नसतें. भिंगांनीं काढलेलीं चित्रें दोन असतात. अखंड दिसणारें तिसरें चित्र तीं दोन सांधून संगणकानें रचलेलें असतें. म्हणजे दोन मूळ पोथ्यांवरून सिद्ध केलेली ती एक प्रत होय. आणि प्रत म्हटली म्हणजे तींत प्रमाद कोठें व कोणत्या जातीचे संभवतात, हें जाणल्यावांचून ती प्रमाण धरतां येत नाहीं. सांध्याची कृति काय, त्यांत चूक कशी शिरते, आणि ती ओळखावयाची व टाळावयाची कशी, याचें विवेचन बीड जिल्ह्यांतील कांहीं स्थळांच्या अनुषंगानें करण्याचें येथें योजिलें आहे.

२. पूर्वेतिहास

चहूं दिशांचा देखावा एका पटावर आणण्याची हौस जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें वर्तुळाकार दालनाच्या भिंतीवर सभोंवारचा देखावा रंगविण्याच्या युक्तीचें पेटंट इ. स. १७८७ मध्यें घेतलें, व ‘पॅनोरमा’ हें नांव त्यानंतर थोड्याच वर्षांत रूढ झालें. छायाचित्रणाची कला निघाल्यावर इ. स. १८४५ च्या सुमारास पॅरिस येथें मार्टेन्स यानें वांकविलेल्या पत्र्यासमोर भिंग फिरवून एकाच पट्टींत विस्तृत देखावा घेतला. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ता वुड यानें इ. स. १९०६ मध्यें, पाण्यांतून वर पाहणाऱ्या माशास सबंध क्षितिज एका वर्तुळांत कसें दिसत असेल, हें छायाचित्रानें दाखविलें. त्यावरूनच अतिविस्तृत दृष्टि असलेल्या भिंगास ‘मत्स्यनेत्र’ हें नांव पडलें. आजच्या दुहेरी कॅमेऱ्याचीं भिंगें याच जातीचीं आहेत.

दुसरी वाट सांधण्याची. अनेक छायाचित्रें काढून, कात्रीनें कापून व पुठ्ठ्यावर चिकटवून लांब देखावा तयार करण्याची चाल जुन्या छायाचित्रकारांत होतीच. हें काम संगणकाकडून करविण्यास लागणारीं अंगें एकामागून एक सिद्ध झालीं. फिशलर व बोल्स यांनीं इ. स. १९८१ मध्यें खऱ्या जुळणींतून खोट्या जुळण्या निवडून टाकण्याची रीति सांगितली. बर्ट व ॲडेलसन यांनीं इ. स. १९८३ मध्यें दोन चित्रांचे रंग सांध्यापाशीं बेमालूम मिसळण्याची रीति दिली. लोव यानें इ. स. १९९९ मध्यें चित्रांतील खुणेचे बिंदु आकार वा दिशा बदलली तरी ओळखण्याची युक्ति काढली, आणि ब्राउन व लोव यांनीं इ. स. २००३ मध्यें, कोणतें चित्र कोणत्या चित्राशेजारीं बसतें हें न सांगतांच संगणकानें सांधून द्यावें, इतकी मजल गांठली.

३. सांधण्याची कृति

दुहेरी कॅमेऱ्यांतील प्रत्येक भिंग अर्ध्या गोलाहून, म्हणजे १८० अंशांहून, थोडें अधिक पाहतें. उदाहरणार्थ, प्रत्येकाची दृष्टि २०० अंश धरली तर दोहोंच्या सीमेवर २० अंश रुंदीचा एक पट्टा सर्व बाजूंनीं दोघांनाही दिसतो. हा सामाईक पट्टा म्हणजेच सांध्याचा आधार. दोन ताडपत्रांच्या तुकड्यांवर मजकुराचा कांहीं भाग समान असला म्हणजे ते कोठें जुळतात हें जसें निश्चित करतां येतें, तसेंच हें आहे.

कृतीच्या पायऱ्या पुढीलप्रमाणें. प्रथम प्रत्येक भिंगाचें वर्तुळाकार चित्र घेऊन त्याचा वांक काढतात. कोणत्या कोनांतून आलेला किरण चित्रांत केंद्रापासून किती अंतरावर पडतो, याचें कोष्टक कारखान्यांतच ठरवून कॅमेऱ्यांत सांठविलेलें असतें. दुसऱ्या पायरीस दोन्ही चित्रें एका कल्पित गोलावर बसवून तो गोल सपाट पटावर उलगडतात. पृथ्वीच्या नकाशांत अक्षांश-रेखांशांची चौकट करतात तशीच ही चौकट असते. पट लांबीस रुंदीच्या दुप्पट होतो. त्यामुळें नकाशांत ध्रुवाजवळचा प्रदेश फुगतो त्याप्रमाणें या पटांत छताचा मध्य व पायांखालची जमीन अवास्तव ताणली जाते, आणि सरळ तुळई कमानीसारखी दिसते. या पटावर फूटपट्टी ठेवून कोणतेंही माप घेऊं नये.

तिसऱ्या पायरीस सामाईक पट्ट्यांतील एकच ठिकाण दोन्ही चित्रांत कोठें कोठें आहे हें शोधून दोन्ही बाजू थोड्याथोड्या सरकवितात. चौथ्या पायरीस सांध्याची रेषा ठरवितात व तिच्या दोहों अंगांचा उजेड आणि रंग एकमेकांत विरघळवितात. चलच्चित्रांत सेकंदास ३० चित्रें धरलीं तर एका मिनिटांत १८०० वेळां, म्हणजे ३६०० वर्तुळांवर, ही कृति घडते. शिवाय चालणाराच्या पावलांचे हिसके कॅमेऱ्यांतील दिशादर्शक यंत्राच्या नोंदीवरून काढून टाकावे लागतात. दोन्ही भिंगांचे क्षण काटेकोर जुळले नाहींत तरीही चूक होते. मनुष्य सेकंदास एक मीटर या गतीनें चालला तर दोन लागोपाठच्या चित्रांमध्यें कॅमेरा ३ सेंटिमीटरांहून अधिक पुढें गेलेला असतो. अर्ध्या चित्राचा फरक पडला तरी दीड सेंटिमीटराहून जास्त अंतर वाढलें.

४. लंबन

येथवरची कृति निर्दोष झाली तरी एक दोष उरतोच; त्याचें कारण कृतींत नसून रचनेंत आहे. आपल्या ज्योतिषांत ग्रहणगणितांत ‘लंबन’ म्हणून जो संस्कार देतात तो वाचकांस परिचित असेल. पृथ्वीच्या मध्यापासून पाहिलें असतां चंद्र जेथें दिसावा, तेथें तो पृष्ठभागावरील मनुष्यास दिसत नाहीं. पाहण्याची जागा बदलली कीं जवळची वस्तु दूरच्या पार्श्वभूमीवर सरकते. या कॅमेऱ्याचीं दोन भिंगें एका बिंदूंत नसतात. पाठीला पाठ लावली तरी त्यांच्यामध्यें कांहीं अंतर राहतेंच. तें अंतर ३ सेंटिमीटर धरूं.

सांध्याच्या दिशेस १ मीटरावर असलेली वस्तु या दोन भिंगांस परस्परांहून १.७ अंश सरकलेली दिसते. ३ मीटरांवर हा फरक ०.६ अंश, १० मीटरांवर ०.१७ अंश, व ३० मीटरांवर केवळ ०.०६ अंश होतो. आतां सबंध पटाची लांबी ५७६० चित्रबिंदूंची असेल, तर एका अंशास १६ बिंदु येतात. तेव्हां १ मीटरावरील वस्तूच्या सांध्यांत सुमारें २७ बिंदूंची तफावत पडते, ३ मीटरांवर ९ बिंदूंची, १० मीटरांवर ३ बिंदूंहून थोडी कमी, आणि ३० मीटरांवर एका बिंदूचीही नाहीं. यावरून धारूरच्या किल्ल्याच्या तटावरून घेतलेलें दूरच्या मुलुखाचें चित्र निर्दोष कां येतें, आणि तोच कॅमेरा अरुंद गाभाऱ्यांत नेला म्हणजे चौकट कां तुटते, याचा उलगडा होतो.

५. गळ व द्विरुक्ति

सांधा कोणत्या तरी एका अंतरासाठींच बरोबर बसतो. तो अतिदूरच्या वस्तूंसाठीं बसविला, तर पुढचें भिंग आपल्या बरोबर पुढच्या अर्ध्या गोलाचें चित्र देतें व मागचें भिंग मागच्या. परंतु दोन भिंगांच्या मधोमध जी ३ सेंटिमीटरांची फट आहे, तिच्या समोरचा भिंतीचा ३ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा पुढच्याच्या अर्ध्या गोलांत येत नाहीं व मागच्याच्याही येत नाहीं. तो पट्टा अखंड चित्रांतून गळतो. फट मात्र दिसत नाहीं, कारण तिच्या दोन्ही कडा संगणकानें एकमेकांस भिडवून त्यांचा रंग मिसळलेला असतो. कॅमेरा ज्या काठीवर बसवितात ती काठी चित्रांतून अदृश्य होते, याचें पाहणारास नवल वाटतें. त्याचें कारण हेंच. काठी सांध्याच्या फटींत उभी असते आणि गळते. जी युक्ति काठी लपविते तीच शिलालेखांतील अक्षर लपविते.

उलट सांधा जवळच्या अंतरासाठीं बसविला, तर त्याहून दूरची वस्तु दोन्ही अर्ध्यांत येते व ती दोनदां दिसते. म्हणजे एका बाजूस गळ, दुसऱ्या बाजूस द्विरुक्ति. पोथ्यांचे पाठ तपासणारास हे दोन्ही प्रमाद अनोळखी नाहींत. एकाच शब्दाच्या दोन आवृत्तींमध्यें लेखकाची नजर घसरून मधला मजकूर सुटतो, किंवा ओळ पुन्हां लिहिली जाते. फरक इतकाच कीं, लेखकाची गळ बहुधा अर्थाच्या विसंगतीवरून उमगते. संगणकाची गळ डोळ्यांस अगदीं सलग दिसते.

या गळीचें गांभीर्य अक्षराच्या मापावरून कळेल. शिलालेखाचीं अक्षरें ३ सेंटिमीटरांच्या आसपास असलीं आणि सांधा लेखावरून उभा गेला, तर प्रत्येक ओळींतून सरासरी एक अक्षर नाहींसें होईल. दानलेखाच्या अखेरीस येणाऱ्या निषेधवाक्यांतून ‘न’ हें एक अक्षर गळलें तर निषेधाची अनुज्ञा होते. शकाच्या अंकांवरून सांधा गेला, तर दोन अंकांचे अर्धे अर्धे भाग जुळून तिसराच अंक उभा राहण्याचा संभव आहे. अशा चित्रावरून केलेलें वाचन छापलें गेलें, आणि मूळ शिला पुढें झिजली किंवा हलली, म्हणजे चुकीचा पाठच प्रमाण होऊन बसेल.

हा दोष काढण्यासाठीं अलीकडच्या आज्ञावलि सामाईक पट्ट्यांतील प्रत्येक ठिकाण कोठें सरकलें याचा शोध घेऊन जागोजाग चित्र ताणतात. स्पष्ट खुणा असलेल्या भिंतीवर या युक्तीनें काम साधतें. परंतु काळ्या गुळगुळीत पाषाणावर, तेलशेंदुराच्या थरावर, किंवा एकच आकृति पुनःपुन्हां कोरलेल्या थरावर ती फसते. गजथरांतील एक हत्ती शेजारच्या हत्तीसारखाच असल्यामुळें संगणक भलत्याशीं जुळवितो, व थरांतील हत्तींची संख्या बदलते. आणि जुळणी बरोबर झाली तरी मधलीं चित्रखंडें ताणून घडविलेलीं असतात. पाषाणावरील रेषेचा खरा वांक तोच, असें त्यावरून म्हणतां येत नाहीं.

६. बीड जिल्ह्यांतील स्थळें

प्रत्येक वास्तूची अडचण निराळी असते, आणि कॅमेरा कसा धरावा हें तीवरून ठरतें. चार स्थळें घेऊन हें स्पष्ट करूं.

बीड शहराजवळील खजाना विहीर निजामशाहीच्या काळीं, इ. स. १५८३ च्या सुमारास, सलाबतखानानें बांधविली. विहीर गोल असल्यामुळें कॅमेरा दोरीनें किंवा लांब काठीनें मधोमध सोडला तर भिंत सर्व बाजूंनीं सारख्या अंतरावर येते. येथें एक भिंग आकाशाकडे व दुसरें पाण्याकडे करून कॅमेरा आडवा धरावा. मग सांधा भिंतीवर एका पातळींत कड्यासारखा फिरतो. त्रिज्या मोजून तेवढ्याच अंतरासाठीं सांधा बसविला म्हणजे सबंध कडें एकदम निर्दोष होतें. कॅमेरा उभा धरला तर सांधा पाण्यावरून व आकाशावरून जाईल. पाण्यांतील प्रतिबिंब भिंतीच्या अंतरावर नसल्यामुळें तेथें द्विरुक्ति होणारच. वरच्या भिंगास आकाशाचा उजेड अधिक लागेल, म्हणून हें काम ऊन चढण्यापूर्वीं करावें.

बीडचें कंकालेश्वराचें देऊळ जलाशयाच्या मध्यें उभें आहे. प्रदक्षिणा करतांना एका अंगास मूर्तींनीं भरलेली भिंत हाताच्या अंतरावर, आणि दुसऱ्या अंगास मोकळें पाणी. जवळचें व दूरचें येथें एकत्र आल्यामुळें एकच सांधा दोहोंस पुरत नाहीं. उपाय असा कीं, एक भिंग सरळ भिंतीकडे व दुसरें पाण्याकडे ठेवून चालावें. सांधा मग चालणाराच्या पुढून व मागून जातो, आणि मूर्ति भिंगाच्या मध्यभागीं, जेथें चित्र सर्वांत शुद्ध असतें तेथें, येतात. पुढें चालत गेल्यावर प्रत्येक मूर्ति एकदां तरी भिंगाच्या बरोबर समोर येतेच. एका जागीं उभ्या कॅमेऱ्यास जें साधत नाहीं तें चलच्चित्रास साधतें, तें असें.

आंबेजोगाईचें हत्तीखाना या नांवानें प्रसिद्ध असलेलें लेणें खडकांत कोरलेलें असून त्याच्या अंगणांत दगडी हत्ती आहेत व आंत खांबांच्या ओळी आहेत. अंगणांत ऊन व आंत अंधार, हा तेथील मुख्य प्रश्न. प्रत्येक भिंगास आपापला उजेड ठरवूं दिला, तर अंगणाकडचें भिंग चित्र काळवंडतें व आंतलें भिंग तें उजळतें, आणि सांध्यापाशीं एक पट्टा उमटतो. तो संगणकानें मिसळला तरी त्या जागेचा दगडाचा रंग खरा राहत नाहीं. दोन्ही भिंगांचा उजेड हातानें एकच बांधून द्यावा, व ढगाळ दिवस निवडावा. दुसरें असें कीं, सांधा दूरच्या अंतरासाठीं बसविलेला असतां त्याच्या रेषेंत आलेला खांब ३ सेंटिमीटरांनीं बारीक दिसतो. खांबांच्या जाडीवरून काळ ठरविणारांनीं हें विसरूं नये.

आंबेजोगाई हें यादवकालीन लेखांचेंही स्थान आहे. सिंघण यादवाचा सेनापति खोलेश्वर याच्या संबंधाचे शिलालेख तेथें सांपडलेले असून त्यांतील एक शके ११५० चा आहे. लेखांच्या बाबतींत सर्वदर्शी चलच्चित्राचा खरा उपयोग निराळा आहे. लेख कोणत्या भिंतींत, जमिनीपासून किती उंच, कोणत्या दाराकडे तोंड करून बसविला आहे, शेजारचे दगड त्याच बांधणीचे कीं मागाहून बसविलेले, हें पुष्कळ जुन्या वाचनांत नोंदलेलें नसतें. शिला एकदां हलली म्हणजे हें ज्ञान कायमचें जातें. तें ज्ञान या चित्रांत आपोआप सांठतें. लेखाचा पाठ मात्र या चित्रावरून ठरवूं नये; त्याचें कारण पुढें दिलें आहे.

७. वाचनाची मर्यादा

५७६० बिंदूंच्या पटांत १ मीटरावरील भिंतीचा सुमारें १.१ मिलिमीटर भाग एका बिंदूंत येतो. २ मीटरांवर २.२ मिलिमीटर, व १० मीटरांवर ११ मिलिमीटर. तेव्हां २ मीटरांवरून ३ सेंटिमीटर उंचीचें अक्षर केवळ १४ बिंदूंत मावतें, आणि ३ मिलिमीटर रुंदीची कोरीव रेषा दीड बिंदूंत. अनुस्वाराचें टिंब व दगडाचा टवका यांत भेद करण्यास हें पुरेसें नाहीं. त्यांतून चलच्चित्र सांठवितांना जागा वांचविण्यासाठीं सूक्ष्म भाग आणखी पुसट केलेला असतो. कॅमेरा जवळ न्यावा तर लंबन वाढतें. म्हणून अक्षरांसाठीं साधें एकेरी छायाचित्र, एका बाजूनें तिरपा उजेड टाकून, आणि शक्य व परवानगी असेल तेथें कागदी ठसा, हींच साधनें अद्याप श्रेष्ठ आहेत. सर्वदर्शी चित्रानें स्थळ सांगावें, ठशानें पाठ सांगावा. एकानें दुसऱ्याचें काम करूं नये.

८. दासोपंतांची पासोडी व सपाट वस्तूंचें सांधकाम

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या विषयाचा अधिक निकटचा संबंध एका दुसऱ्या प्रकारें येतो. लांब पट, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या, नकाशे, वंशवृक्ष हे एका चित्रांत मावत नाहींत. तुकड्यांनीं घेऊन सांधावे लागतात. याचें सर्वांत मोठें उदाहरण आंबेजोगाईसच आहे. दासोपंत (शके १४७३ ते १५३७) यांनीं आपला पंचीकरणावरील ग्रंथ कागदावर न लिहितां कापडाच्या पासोडीवर लिहिला. ही पासोडी सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद आहे.

अशा वस्तूस दुहेरी भिंगाचा कॅमेरा निरुपयोगी आहे. येथें एकेरी भिंग वस्तूच्या वर समांतर सरकवीत न्यावें लागतें. समाधानाची गोष्ट ही कीं, वस्तु खरोखर सपाट असेल तर लंबनाचा प्रश्नच उरत नाहीं. एका सपाट पृष्ठाचीं दोन चित्रें परस्परांशीं आठ संख्यांच्या एका नियमानें बांधलेलीं असतात, व चार बिंदु जुळले कीं तो नियम निश्चित होतो. पण कापडास सुरकुती पडली कीं सपाटपणा जातो, आणि सुरकुतीच्या दोन्ही उतारांवर अक्षरें पुन्हां सरकतात. जीर्ण कापड ताणून वा दाबून सपाट करणें हा उपाय नव्हे. सुरकुतीच्या जागीं चित्रें अधिक दाट घ्यावीं, व तो भाग सांधलेल्या पटांत संशयित म्हणून खुणावावा.

कामाचा आवांका पाहूं. दर इंचास ३०० बिंदु हें प्रमाण धरलें, तर एवढ्या आकाराचा पट १,४४,००० × १४,४०० बिंदूंचा, म्हणजे सुमारें २०७ कोटि बिंदूंचा होतो. ६००० × ४००० बिंदूंच्या कॅमेऱ्यानें एका वेळीं २० × १३ इंचांहून थोडा अधिक भाग येतो. शेजारच्या चित्रांत एक तृतीयांश भाग समान ठेवला तर लांबीस ३६ व रुंदीस ५, मिळून १८० चित्रें लागतात. एका दिवसाचें हें काम आहे, असाध्य नव्हे.

यांत धोका निराळाच आहे. चित्रें एकामागून एक जोडीत गेल्यास प्रत्येक सांध्यांतील बारीक चूक पुढच्यांत मिसळून शेवटास पट वांकतो किंवा लांबी बदलते. भूमापन करणारे त्रिकोणांची सांखळी मोजून झाल्यावर सर्व कोन एकत्र घेऊन चूक समप्रमाणांत वांटतात. तसेंच येथेंही सर्व चित्रांचे सांधे एकदम सोडवावे. एकेक चिकटवीत जाऊं नये. आणि पटाच्या एका कडेस सबंध लांबीभर मोजपट्टी पसरून ती प्रत्येक चित्रांत येईल असें करावें. सांधून झाल्यावर मोजपट्टीवरचे आंकडे सलग व समान अंतरावर आहेत कीं नाहींत हें पाहिलें कीं, गळ व द्विरुक्ति दोन्ही तत्काळ उघड होतात. कागदाची एक पट्टी एवढी राखण करते.

९. मूळ चित्रांचें जतन

वरील विवेचनांतून निघणारा मुख्य मुद्दा आतां सांगावयाचा. सांध्यांत गळलेला ३ सेंटिमीटरांचा पट्टा जगांतून नाहींसा झालेला नसतो. प्रत्येक भिंग १८० अंशांहून अधिक पाहत असल्यामुळें तो पट्टा दोन्ही मूळ वर्तुळांच्या कडेस उमटलेला असतो. कडेवरचें चित्र थोडें अस्पष्ट असेल, परंतु अक्षर तेथें आहे. गळतें तें रचलेल्या प्रतींतून. म्हणून मूळ वर्तुळें जवळ असतील तर पुढें कोणीही सांधा दुसऱ्या अंतरासाठीं पुन्हां बसवून गळलेलें अक्षर परत आणूं शकेल, आणि आजच्याहून चांगली रीति निघाल्यास जुन्या चित्रांसही तिचा लाभ होईल.

आज मात्र उलट रीत पडत चालली आहे. सांधलेलें सुबक चित्र तयार झालें कीं मूळ वर्तुळें जागा अडवितात म्हणून पुसून टाकतात. जागा थोडी लागत नाहीं हें खरें. सेकंदास १०० मेगाबिट या गतीनें एका मिनिटास ७५० मेगाबाइट व तासास ४५ गिगाबाइट होतात. परंतु नक्कल सुवाच्य झाली म्हणून जीर्ण पोथी नदींत सोडणाऱ्या लोकांविषयीं आपण आजवर जें म्हणत आलों, तेंच आपल्याविषयीं पुढच्यांनीं म्हणावें अशी ही गोष्ट आहे. जागा कमी पडत असेल तर सांधलेली प्रत पुसावी. ती पुन्हां करतां येते. मूळ पुन्हां करतां येत नाहीं.

पोथीच्या अखेरीस लेखक आपलें नांव, स्थळ, तिथि व कोणत्या प्रतीवरून लिहिलें हें पुष्पिकेंत देतो. पोथीची विश्वसनीयता पुष्कळ अंशीं तीवरच ठरते. प्रत्येक सर्वदर्शी चित्रासही अशी पुष्पिका जोडावी. तींत पुढील गोष्टी असाव्या: स्थळ व दिनांक, कॅमेऱ्याचें नांव, कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता, व पुढच्या भिंगाचें तोंड कोणत्या दिशेस होतें, सांधा कोणत्या अंतरासाठीं व कोणत्या आज्ञावलीनें बसविला, सांध्याची रेषा कोणत्या भिंतीवरून अगर खांबावरून गेली, उजेड हातानें बांधला होता कीं नाहीं, आणि मूळ वर्तुळें कोठें ठेविलीं आहेत. वास्तु संरक्षित असल्यास परवानगीची नोंदही करावी. एका कागदाच्या पाठीवर मावेल एवढाच हा मजकूर आहे. तो ज्या चित्रासोबत नाहीं, तें चित्र पाहण्यास रम्य असलें तरी पुराव्यास घेऊं नये. आणि ज्यासोबत आहे, त्यांतील दोषही संशोधकाच्या उपयोगी पडतो, कारण दोष कोठें आहे हें त्यास ठाऊक असतें.